बदलीचे बिऱ्हाड आणि रमाबाईंची पाटी

इंग्रजी अमदानीत न्यायखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाचे बिऱ्हाड कायमचे मांडलेले नसे. बदलीचा हुकूम आला की थोड्याच दिवसांत घर उचलावे लागे. तांब्या-पितळेची भांडी पोत्यांत बांधायची, देव्हाऱ्यातील देव सोवळ्यात गुंडाळायचे, लोणच्या-पापडांच्या बरण्या गवताच्या पेंढ्यांत बसवायच्या, गाईगुरांची सोय लावायची आणि जाता येणार नाही अशा वृद्धांची समजूत घालायची, ही सारी कामे घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. हुकूम पुरुषाच्या नावाने निघे आणि त्याची अंमलबजावणी माजघरात होई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या संसारात असे अनेक हुकूम आले. त्यांचे चरित्र सामान्यतः त्यांच्या ग्रंथांतून आणि त्यांनी उभारलेल्या संस्थांतून सांगितले जाते. रमाबाई रानडे यांचे आयुष्य मात्र या बदल्यांच्या वाटेने पाहिले तर अधिक स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक नव्या शहरात त्यांना शिक्षणाची एक नवी इयत्ता मिळत गेली.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. सातारा भागातील देवराष्ट्रे हे त्यांचे माहेरगाव आणि कुर्लेकर हे माहेरचे आडनाव. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घराची रीत नव्हती. १८७३ सालच्या डिसेंबरात पुण्यात त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि माधवराव बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. माधवरावांच्या प्रथम पत्नी नुकत्याच निवर्तल्या होत्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या विद्वानाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अल्पवयीन मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि ती अकारण नव्हती. लग्नानंतर लगेचच त्यांनी पत्नीच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. पुढे तिला शिकवण्यासाठी एका शिक्षिकेची योजनाही केली.

पुण्याच्या घरात ही पाटी कुणालाच रुचली नाही. सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका यांचा त्या घरात मोठा दरारा होता. सुनेने पुस्तक घेऊन बसावे ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने घराण्याच्या लौकिकाला बट्टा लावणारी होती. माधवराव बाहेर विद्वानांच्या सभा गाजवत, पण माजघरात त्यांचा शब्द फारसा पोचत नसे. दिवसभराची टोचणी, अबोला आणि उपहास सोसून रमाबाई रात्री धडा घेत. पतीकडे त्यांनी गाऱ्हाणे नेले नाही आणि घरातील वडील माणसांना उलट उत्तरही दिले नाही. दोन्ही बाजूंचा मान राखण्याचा हा ताण त्यांच्या तरुणपणातील खरा भार होता.

अशा स्थितीत १८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. आदल्याच वर्षी सासरे गोविंदराव वारले होते. पुण्यातील सात वर्षांची घडी मोडून दुसऱ्या गावी जायचे, सार्वजनिक सभेचे काम आणि मित्रमंडळ मागे ठेवायचे, म्हणून माधवरावांना हा हुकूम सुखाचा वाटण्याजोगा नव्हता. सोळा वर्षांच्या रमाबाईंना मात्र प्रथमच स्वतःच्या हाताने मांडलेले घर मिळणार होते. नाशिकच्या बिऱ्हाडात खर्चाचा हिशेब त्यांच्याकडे आला. आले-गेले, नोकरचाकर, वाणसामान यांची जबाबदारी आली आणि तिच्याबरोबरच इंग्रजीचा अभ्यासही. पुण्यात लपूनछपून चालणारे वाचन येथे दिवसाढवळ्या होऊ लागले. हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातील स्त्रियांना एकत्र आणावे आणि मुलींना शाळेत घालण्याविषयी त्यांच्याशी बोलावे, असा परिपाठ सुरू झाला. रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण नाशिकलाच झाले. ते माधवरावांनी लिहून दिलेले होते, पण ते चारचौघांत उभे राहून वाचण्याचे धैर्य रमाबाईंचे स्वतःचे होते.

हे घर नीट रुळते न रुळते तोच १८७९ साली पुन्हा बांधाबांध करावी लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने त्या वर्षी सरकार धास्तावले होते. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या आणि पुण्याच्या पुढाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. माधवरावांची तातडीने धुळ्यास झालेली बदली याच संशयाच्या छायेत होती. हुकमाविरुद्ध अर्ज करावा असा सल्ला स्नेह्यांनी दिला. नोकरीत आहोत तोवर हुकूम पाळलाच पाहिजे, अशी माधवरावांची भूमिका राहिली आणि बिऱ्हाड हलले. धुळ्यापर्यंत तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती. खानदेशचा उन्हाळा आणि अनोळखी मुलूख यांच्या जोडीला डाकेवर सरकारी नजर होती. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रे येत, ती माधवराव अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. घरातील टपालाचा लिफाफासुद्धा निर्धास्तपणे फोडता येऊ नये, असे ते दिवस होते. पुढे संशय निवळला. त्या काळात पतीचा संयम जवळून पाहणे हाही रमाबाईंच्या शिक्षणाचाच भाग ठरला.

१८८१ साली काही महिने मुंबईत काढून रानडे कुटुंब पुण्यास परतले. गाव जुनेच होते आणि घरातील माणसेही तीच, पण परत आलेली सून पूर्वीची राहिली नव्हती. पुढच्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाच्या सभा भरू लागल्या. रमाबाई त्या सभांना जात. त्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी एक मिशनरी बाई घरी येऊ लागल्या आणि माजघरातील वादळ पुन्हा उठले. धडा संपल्यावर स्नान केल्याखेरीज रमाबाईंनी घरात कशाला शिवायचे नाही, असा दंडक पडला. तो त्यांनी पाळला, पण धडे सोडले नाहीत. मुलींसाठी माध्यमिक शाळा काढावी या मागणीसाठी पुण्यात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी आपले म्हणणे मांडले. १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली. बाहेर कौतुक झाले आणि घरात पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. पुणे शहर आणि पुण्याचे घर यांच्यातील हे अंतर इतर कोणत्याही गावी त्यांना इतके जाणवले नव्हते.

१८८६ साली हिंदुस्थान सरकारने खर्चाची छाननी करण्यासाठी नेमलेल्या वित्त समितीवर माधवरावांची नियुक्ती झाली आणि त्या कामानिमित्त कलकत्त्याचे वास्तव्य घडले. हे स्थलांतर वेगळ्या तऱ्हेचे होते. येथे भाषाही परकी होती. माधवरावांनी बंगालीचे वाचन सुरू केले आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. हा प्रकार कानी पडताच रमाबाईंना हसू आवरेना. न्यायाधीशाचा गुरू न्हावी, हा त्या घरातला थट्टेचा विषय झाला. शिकताना कमीपणा मानायचा नाही हा धडा मात्र त्यातूनच मिळाला आणि रमाबाईही बंगाली वाचावयास शिकल्या. पुढे शेतकरी कर्जनिवारण कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीसाठी माधवरावांना पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत दौरे करावे लागत. तेव्हा संसार तंबूंतून आणि धर्मशाळांतून चाले. माधवरावांची दृष्टी अधू असल्याने वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे असे. अक्षरे ज्यांच्याकडून शिकल्या, त्यांचेच डोळे होण्याची वेळ त्यांच्यावर आली.

१८९३ सालच्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली निवर्तले आणि त्यांच्या जागी मुंबईच्या उच्च न्यायालयावर माधवरावांची नेमणूक झाली. पुणेकरांनी ठिकठिकाणी निरोपसमारंभ केले. बारा वर्षांच्या संसाराचे सामान हलवायचे होते, पुस्तकांची नि कागदपत्रांची व्यवस्था लावायची होती आणि सभा, शाळा, व्याख्यानमाला यांची सूत्रे इतरांच्या हाती सोपवायची होती. सन्मानाची असली तरी ही ताटातूटच होती. नाशिकला जाताना रमाबाईंपाशी हरवण्याजोगे फारसे नव्हते. या वेळी मात्र मैत्रिणी, सभा आणि कामाची जागा मागे राहत होती. मुंबईत त्यांनी ते सारे नव्याने उभे केले. हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबच्या माध्यमातून स्त्रियांसाठी भाषा, शिवणकाम, प्रथमोपचार यांचे वर्ग चालू झाले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर रमाबाईंनी मुंबईचे बिऱ्हाड आवरले आणि त्या पुण्यास परतल्या. आजवरच्या प्रत्येक स्थलांतरामागे सरकारचा हुकूम होता, या वेळी तो नव्हता. नव्या घरी पाटी पुढे ठेवणारेही कोणी नव्हते. प्रारंभीचा काळ त्यांनी एकांतात काढला. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम त्यांनी उभे केले. विधवांना आणि परित्यक्तांना तेथे शिक्षिका किंवा परिचारिका होण्याचे शिक्षण मिळू लागले आणि स्वतःच्या पायावर उभे राहता येऊ लागले. १९१० साली त्यांच्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी आत्मचरित्रात त्याचे स्थान अढळ आहे.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. ज्या पुण्यात त्यांना एकेकाळी चोरून वाचावे लागले, त्याच पुण्यात अखेरच्या वर्षांत शेकडो स्त्रिया उजळ माथ्याने शिकत होत्या. नाशिक, धुळे, कलकत्ता, मुंबई या गावांनी त्यांना शिक्षणाला मोकळीक दिली. पण ते मिळवून त्या अखेर परतल्या, त्या सर्वांत कठोर परीक्षा घेणाऱ्या गावीच. बदलीच्या सामानात भांडीकुंडी फुटतात, काही हरवतात, काही मागे राहतात. अकराव्या वर्षी हाती आलेली पाटी रमाबाईंनी कोणत्याही गावी मागे ठेवली नाही आणि शेवटी ती दुसऱ्यांच्या हाती दिली.