विश्लेषण : ब्लेडलेस लेसरच्या दोनशे वर्षे आधी रुग्णांच्या डोळ्यांची ‘केस फाइल’ ठेवणारा मराठी राजा कोण?

देवरूख : चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी देवरूखहून मोठ्या शहरात जाणाऱ्या तरुणाला आधी तपासणीच्या यंत्रासमोर बसवले जाते. त्याच्या डोळ्याचा नकाशा काढला जातो, जाडी मोजली जाते आणि सगळी नोंद फाइलमध्ये जाते. लेसर त्यानंतर येतो. डोळ्याला हात लावण्याआधी त्याची नोंद ठेवण्याची ही शिस्त तंजावरच्या एका मराठी राजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाळली होती. त्यांचे नाव सरफोजीराजे भोसले (दुसरे).

सरफोजीराजे कोण होते?

देवरूख ज्या संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय आहे, त्याच तालुक्यातील कसबा संगमेश्वर येथे १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. त्यांचे काका व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठी राज्य उभे केले होते. त्याच गादीवर पुढे सरफोजी आले. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले, पण त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. दहा वर्षांच्या सरफोजींना आधार दिला तो जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी. त्यांच्याच देखरेखीत ते इंग्रजी आणि पाश्चात्त्य विज्ञान शिकले.

राज्य गेले, मग केले काय?

१७९८ मध्ये गादी मिळाली खरी, पण पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तह करून कारभार ताब्यात घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. ना फौज, ना प्रांत. हा पैसा त्यांनी ग्रंथ, शाळा, छापखाना आणि औषधांवर लावला. ईसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये तंजावरलाच देवनागरीत छापले गेले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्या काळात भरभराटीला आले.

धन्वंतरी महालात काय चालायचे?

धन्वंतरी महाल ही त्यांची उपचार आणि संशोधनाची जागा. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक तिथे एकत्र काम करत. औषधांचे पाठ तपासले जात आणि लिहून ठेवले जात.

डोळ्यांच्या आजारांत राजांना विशेष रस होता. मॅकबीन नावाचे युरोपीय डॉक्टर त्यांच्या मदतीला होते. रुग्णाची तक्रार काय, डोळ्याची अवस्था कशी, उपचार कोणता, याची इंग्रजीत नोंद होई. सोबत रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढले जाई. अशा चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात सापडल्या आहेत.

तेव्हाची शस्त्रक्रिया कशी होती?

मोतीबिंदूवर तेव्हा सुईचा उपचार होता. गढूळ झालेले भिंग सुईने डोळ्यातच खाली ढकलले जाई. उजेडाची वाट मोकळी होई, पण भिंग नसल्याने जाड चष्म्याशिवाय नीट दिसत नसे. भूल नव्हती, जंतुसंसर्गाचे कारण ठाऊक नव्हते. डोळे जाण्याची भीती मोठी होती. अशा वेळी आधीच्या रुग्णाचे काय झाले, हे लिहून ठेवलेले असणे पुढच्या रुग्णासाठी मोलाचे होते.

आजच्या लेसरशी याचा संबंध काय?

उपचार वेगळा, आजार वेगळा. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. नंबरच्या लेसरमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा आकार बदलतात. जुन्या लेसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप बारीक ब्लेडने कापली जाई. ब्लेडलेस पद्धतीत ते काम फेम्टोसेकंद लेसर करतो.

मात्र ब्लेड नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. कॉर्निया पातळ असेल, तो शंकूसारखा पुढे येत असेल किंवा नंबर अजून बदलत असेल, तर डॉक्टर नकार देतात. वयाची १८ वर्षे पूर्ण आणि साधारण वर्षभर स्थिर नंबर ही किमान अट. हा निर्णय तपासणीच्या नोंदीवरच होतो. म्हणून आपल्या डोळ्याच्या नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

पुढे काय झाले?

सरफोजीराजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. पुत्र शिवाजीराजे यांना पुरुष वारस नसल्याने कंपनीने १८५५ मध्ये तंजावरची गादीच खालसा केली. ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ज्या रुग्णांवर उपचार झाले, त्यांच्या डोळ्यांची चित्रे त्याच संग्रहातून आजच्या नेत्रतज्ज्ञांच्या हाती आली.