वैमानिक इंद्रलाल रॉय

१९१४ साली युरोपखंडात महायुद्ध पेटले, तेव्हा विमानाचा शोध लागून पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड व पुढे एक यंत्र, एवढेच काय ते वाहन. अशा वाहनात बसून आकाशात झुंजणाऱ्यांत मोजके हिंदी तरुणही होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे त्यांपैकी एक; जून १९१८ मध्ये ते फ्रान्सच्या भूमीवर कामी आले. दुसरे इंद्रलाल रॉय. त्यांचे अल्पायुषी परंतु बोधप्रद चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

इंद्रलाल ह्यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्ता येथे झाला. वडील बॅरिस्टर होते. मूळ घराणे पूर्व बंगालमधील बारिसालकडील जमीनदारांचे. मातोश्री ललिता रॉय मुलांच्या शिक्षणासाठी लंडनमध्ये राहिल्या. ही माता बाणेदार होती. १९११ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी लंडनमध्ये जी प्रचंड मिरवणूक निघाली, तीत हिंदी स्त्रियांच्या पथकाबरोबर त्याही चालल्या होत्या.

इंद्रलाल तेथील सेंट पॉल्स विद्यालयात शिकले. महायुद्धाच्या त्याच काळात आपल्या रोह्याच्या घराण्यातील चिंतामणराव देशमुख केंब्रिज येथे विद्याभ्यास करीत होते. विद्येची तीच वाट इंद्रलाल ह्यांनाही मोकळी होती. परंतु त्यांचे मन विमानात गुंतले होते. प्रथम त्यांची दृष्टी अधू ठरवून वैमानिक दलाने त्यांस नाकारले. त्यांनी हट्ट सोडला नाही. आपली मोटारसायकल विकून त्यांनी एका नामांकित नेत्रवैद्याकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असे सांगतात. नकार फिरला आणि ५ जुलै १९१७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले. हिंदी तरुणास लष्करात असे अधिकारपद मिळणे त्या काळी अत्यंत दुर्मिळ होते.

ऑक्टोबरअखेर ते फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या पथकात रुजू झाले. तथापि ६ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे विमान कोसळले व ते जबर जखमी झाले. त्यांस मृत समजून प्रेतागारात ठेवण्यात आले होते आणि शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, अशी हकिकत सांगितली जाते. दुखण्यातून उठत असता ते विमानांची चित्रे रेखाटीत. त्यांपैकी काही आजही जतन करून ठेवलेली आहेत. वैद्यांनी त्यांस उड्डाणास अपात्र ठरविले. जमिनीवरचे काम पत्करून ते सुखरूप राहू शकले असते व कोणीही त्यांस बोल लावला नसता. परंतु त्यांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा तपासणी करविली आणि जून १९१८ मध्ये ४० क्रमांकाच्या पथकात ते आघाडीवर परतले.

तेथे कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय ह्या कसलेल्या आयरिश वैमानिकाच्या हाताखाली ते तयार झाले. त्यांचे विमान एस. ई. ५ ए जातीचे, एकाच माणसाचे. उडविणाराही तोच व बंदूक चालविणाराही तोच. ब्रिटिश वैमानिकांस त्या वेळी हवाई छत्रीही दिलेली नसे. ६ ते १९ जुलै ह्या अवघ्या दोन आठवड्यांत इंद्रलाल ह्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. त्यांपैकी तीन तर ८ जुलै ह्या एकाच दिवसाचे. पुढे तीनच दिवसांनी, २२ जुलै १९१८ रोजी, कार्व्हें गावावर जर्मन विमानांशी झुंज चालू असता त्यांचे विमान पेटून खाली कोसळले. त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही पडले. इंद्रलाल ह्यांस डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मरणोत्तर, सप्टेंबर १९१८ मध्ये, जाहीर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी होत. फ्रान्समधील एस्तव्हेल गावच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी असून तिच्यावर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत.

नात्याने त्यांचे भाचे लागणारे सुब्रतो मुखर्जी १९५४ साली स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९९८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने इंद्रलाल ह्यांचे तिकीट काढले.

प्रिय बंधुभगिनींनो, हे चरित्र वाचताना हर्षाबरोबर खेदही व्हावा. जी दहा विमाने त्यांच्या विजयात गणली गेली, त्यांतही कोणा मातेचे पुत्र बसले होते. आणि ते पदक जाहीर झाले तेव्हा ललिताबाईंचा पुत्र मातीआड होऊन दोन महिने लोटले होते. युद्धाचा हिशेब असाच असतो. त्यात लाभाची बाजू वाचताना दुसरी बाजू झाकून ठेवणे आपल्या श्रद्धेस शोभणारे नाही.

तरीही ह्या मुलाच्या आयुष्यात आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी घेण्यासारखे काही आहेच. दोनदा अपात्र ठरूनही त्यांनी आपले काम सोडले नाही. दोन आठवड्यांच्या त्या कर्तृत्वामागे नकार, अपघात व दुखणे सोसलेले दीर्घ महिने होते. हेच धैर्य परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याने, नोकरी गेलेल्या कामगाराने व अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी अंगी बाणवावे. त्यासाठी रणांगणाची गरज नाही. आणि ज्या घरांतून असे पुत्र गेले, मग ते घर कलकत्त्याचे असो, मुंबईचे असो वा जर्मनीचे, त्या सर्वांसाठी व जगाच्या शांतीसाठी आपण परमेश्वराजवळ प्रार्थना करू या.