न पडणाऱ्या गाभ्याचा ध्यास

19 जुलै 2024 रोजी जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले आणि त्यांचे पडदे निळे झाले. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. संगणकाच्या गाभ्यात शिरून काम करणाऱ्या एका सुरक्षा-प्रोग्रॅमला सदोष फाइल मिळाली, एवढेच त्याचे कारण. या गाभ्याला तंत्रज्ञ कर्नल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा काही संबंध नाही. इतर कोणताही प्रोग्रॅम कोसळला तर कर्नल त्याला बाजूला सारून पुढे चालू लागतो. खुद्द कर्नलच कोसळला तर त्याला सावरायला मात्र कोणी उरत नाही. त्या दिवशी मला आठवण झाली ती एट्सखर डाइक्स्ट्रा या डच माणसाची. याच भीतीने त्याला पछाडले होते आणि या भीतीतूनच त्याने एक शास्त्र उभे केले.

डाइक्स्ट्राचा जन्म 11 मे 1930 चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडन विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकत होता. 1951 साली तो प्रोग्रॅमिंगच्या एका छोट्या अभ्यासक्रमासाठी केंब्रिजला गेला आणि त्याची वाट बदलली. तिथे मॉरिस विल्क्स यांचा एडसॅक संगणक होता. प्रोग्रॅम मध्येच अडकला की त्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत काय होते ते छापून घ्यायचे आणि कागदावर चूक शोधायची, अशी पद्धत तिथे रूढ झाली होती. तिला नावच होते पोस्टमॉर्टेम. पुढच्याच वर्षी डाइक्स्ट्रा अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाला. 1957 साली त्याचे लग्न झाले तेव्हा नोंदणी कार्यालयाने प्रोग्रॅमर हा व्यवसाय मान्य केला नाही. शेवटी त्याला कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

याच सुमारास त्याचे सहकारी एक्स-वन नावाचा संगणक बांधत होते. त्यांनी त्यात इंटरप्टची सोय करायचे ठरवले. म्हणजे छपाईयंत्राला किंवा टेपला काही सांगायचे असेल तर त्याने चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधायचे. डाइक्स्ट्रा हादरला. हा व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच सांगता येणार नव्हते. त्यामुळे झालेली चूक पुन्हा घडवून दाखवता येणार नाही आणि दोष प्रोग्रॅमचा असला तरी तो यंत्राच्या बिघाडासारखा भासेल, हे त्याने ओळखले. होकार द्यायला त्याला काही महिने लागले. मग ते काम त्यानेच केले आणि 1959 साली त्यावरच डॉक्टरेट मिळवली.

ही भीती पुस्तकी नव्हती, हे मी कराड परिसरात पाहिले आहे. 1990 च्या दशकात मी संगणक बसवण्याची आणि सांभाळण्याची कामे करत असे. एका साखर कारखान्यात वजनकाट्याला युनिक्सवर चालणारा संगणक जोडलेला होता. गळीत हंगामात रात्री ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागली की तो मध्येच बंद पडे. कधी तीन दिवसांनी, तर कधी एका रात्रीत दोनदा. रांगेत ऊस वाळत राही, त्याचे वजन घटे, आणि तोटा मात्र शेतकऱ्याचा. सगळे विजेला दोष देत. बॅटरीची सोय केली, तरी संगणक पडतच राहिला.

पडताना पडद्यावर पॅनिक हा शब्द आणि आकड्यांच्या काही ओळी उमटत. ते आकडे आम्ही वहीत उतरवून घेत असू. प्रोसेसर कोणत्या पत्त्यावरची आज्ञा पाळत होता, हे त्यातला एक आकडा सांगे. कर्नलमधल्या कामांच्या पत्त्यांची यादी काढायची आणि त्या आकड्याहून लहान पण सर्वांत जवळचा पत्ता कोणाचा ते पाहायचे. मग कोणी कोणाला बोलावले होते, ती साखळी स्मृतीतून मागे मागे उलगडत जायची. थोडक्यात, पंचनामाच. गंमत अशी की दर वेळी पत्ता निराळा निघे. तेवढ्यावरूनच कळत गेले की पडणारा वेगळा आणि पाडणारा वेगळा आहे. काट्याकडून येणारे आकडे एका यादीत ठेवले जात. यादीत फेरफार चालू असतानाच पुढचा आकडा येऊन थडकला की तिचा दुवा तुटे, आणि नंतर तो दुवा जो वापरील तो कोसळे. पंचनाम्यात मृतदेह सापडतो, मारेकरी तोवर निघून गेलेला असतो. यादी बदलण्याच्या त्या चार-सहा आज्ञांपुरते इंटरप्ट थोपवून धरल्यावर काटा सुरळीत चालू लागला.

डाइक्स्ट्राने 1962 साली आइंडहोवन येथे प्राध्यापकपद स्वीकारले आणि या रोगाच्या मुळालाच हात घातला. एकाच वेळी अनेक कामे करणारी कार्यप्रणाली त्याने बांधायला घेतली. त्याच्यासह माणसे सहा, संगणक एक्स-एट, मुख्य स्मृती 32 हजार शब्दांची. दोन कामांनी एकच वस्तू एकदम हाताळू नये म्हणून त्याने सेमाफोर नावाची युक्ती काढली होती. हे नाव रेल्वेच्या वर-खाली होणाऱ्या हाताच्या सिग्नलचे. कराडच्या लोकांना ती समजायला अवघड नाही. आपला पुणे-मिरज मार्ग वर्षानुवर्षे एकेरी होता. अशा मार्गावर दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचे टोकन हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नाही. टोकन एका वेळी एकालाच मिळते, म्हणून समोरासमोर टक्कर होत नाही.

कार्यप्रणालीचे त्याने एकावर एक थर रचले. सर्वांत खाली प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा थर, त्यावर स्मृती सांभाळणारा, आणि असेच पुढे. खालचा थर पूर्ण तपासून झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, हा नियम. 1968 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने हिशेब मांडला. चाचणीत सापडल्या त्या किरकोळ चुका, 500 आज्ञांमागे एक या प्रमाणात, आणि प्रत्येक चूक 10 मिनिटांत हाती लागली. चुका शोधण्याचा वेगळा विचार आपण आधी केलाच नव्हता, अशी कबुलीही त्याने त्यात दिली. पण भीतीपोटी रचनाच इतकी काळजीपूर्वक केली गेली होती की त्या उणिवेची झळ बसली नाही.

या कामाची कदर त्याच्या विभागाने मात्र केली नाही. गट मोडला. डाइक्स्ट्रा खोल नैराश्यात गेला. त्यातून बाहेर येण्यासाठी त्याने सुसूत्र प्रोग्रॅमिंगवर टिपणे लिहिली आणि पुढे जगाने तीच डोक्यावर घेतली. 1972 साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 पासून 1999 पर्यंत तो अमेरिकेत ऑस्टिन येथे शिकवत होता. स्वतः संगणक फारसा वापरत नसे. फाउंटन पेनने लिहिलेली 1300 हून अधिक टिपणे त्याने मागे ठेवली. 6 ऑगस्ट 2002 रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

त्याचा आग्रह टोकाचा होता, हे मान्य केले पाहिजे. आजच्या लिनक्स कर्नलमध्ये दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्या सहा जणांच्या पद्धतीने सगळ्या तपासणे शक्य नाही. म्हणून पंचनाम्याचे तंत्रही पुढे गेले आहे. कर्नल कोसळताच राखून ठेवलेल्या जागेतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची स्मृती जशीच्या तशी जतन करतो. तरीही डाइक्स्ट्राची वाट बुजलेली नाही. 2009 साली ऑस्ट्रेलियात सुमारे 8,700 ओळींचा एक कर्नल गणिताने सिद्ध करून दाखवला गेला.

आज कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी मला भेटतात, तेव्हा पंचनामा कसा वाचायचा हे मी आवर्जून सांगतो. ती विद्या पोटापाण्याची आहे. पण सोबत डाइक्स्ट्राचा तो 1968 चा निबंधही वाचायला लावतो. पंचनाम्याने पुढचा अपघात टळेल. काट्यावर रात्रभर थांबलेल्या माणसाचे घटलेले वजन मात्र भरून निघत नाही.