नामयाची दासी संत जनाबाई

वारकरी संप्रदायातील थोर संतकवयित्री जनाबाई यांचा जन्म तेराव्या शतकात गोदावरीतीरी गंगाखेड (जि. परभणी) येथे झाला. वडील दमा व आई करुंड हे उभयता विठ्ठलभक्त होते. आई निवर्तल्यावर वडिलांनी लहानग्या जनाबाईंस पंढरपुरी दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले. इ.स. १२७० मध्ये दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी संत नामदेव जन्मास आले. त्यांचे लालनपालन जनाबाईंनी केले, असे परंपरा सांगते.

दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेणी वेचणे हा त्यांचा नित्यक्रम. स्वतःचे घर नाही, गोत नाही, माहेरही नाही. अशा स्थितीत त्यांनी निराळी साधना शोधली नाही. हातात काम व मुखी नाम, हीच त्यांची उपासना ठरली. जात्याच्या प्रत्येक फेऱ्यासवे त्यांनी विठ्ठलास साद घातली व त्यासच आपली माय मानले. देव त्यांच्यासवे दळू लागले, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

आख्यायिका अशी की, एका रात्री देव आपले पदक जनाबाईंच्या खोपटात विसरले व त्यांची वाकळ पांघरून राउळी परतले. चोरीचा आळ दासीवर आला. तिची बाजू घेणारे सगेसोयरे कोणी नव्हते. चंद्रभागेच्या वाळवंटी सूळ उभारला गेला; परंतु जनाबाईंनी नित्याप्रमाणे विठ्ठलाचा धावा करताच सुळाचे पाणी झाले. जगाने परकी ठरविलेल्या दासीस देवाने आपली म्हटले.

त्यांच्या नावावरील सुमारे ३५० अभंग नामदेव गाथेत समाविष्ट आहेत. त्यांतून ज्ञानदेव, चोखोबा आदी संतांविषयीचा जिव्हाळा प्रकट होतो. स्वतःस नामयाची दासी म्हणविण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. दासी हा शब्दच त्यांचे कुळ व ओळख बनला.

शके १२७२ (इ.स. १३५०), आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांसमवेत त्या विठ्ठलचरणी विलीन झाल्या, असे संप्रदायात मानतात.

पंढरपूरनजीक गोपाळपूर येथे जनाबाईंचे स्थान असून तेथील जात्याचे भाविक श्रद्धेने दर्शन घेतात. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होऊन वारीची सांगता होते. गंगाखेड येथेही त्यांचे मंदिर आहे. क्षेत्री येणाऱ्या प्रत्येकास नित्यसेवा घडेलच असे नाही. परंतु घरचे काम करताना नाम घेतल्यास तेच घर पंढरी होते, ही जनाबाईंची शिकवण भाविकांनी सोबत न्यावी.

॥ जय जय रामकृष्ण हरी ॥