रखमाबाईंचा पहिला धडा

पनवेल परिसरातील आपल्या अनेक मुली आज नर्सिंग, डॉक्टरकी शिकत आहेत. नाडी, रक्तदाब शिकण्याआधी त्यांनी डॉ. रखमाबाई समजून घ्याव्यात.

१८६४ मध्ये मुंबईत, सुतार समाजात जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले. पुढे त्यांनी नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला; पण १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली! १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. लंडनला शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सुरत, राजकोटला त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

माझ्या शरीरावर माझा हक्क, हाच त्यांच्या लढ्याचा गाभा. रुग्णालाही तोच हक्क आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, जीव धोक्यात नसेल तर तपासणीची संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. न समजावता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. मुलींनो, आधी विचारा, मगच हात लावा!