कर्णधाराला बाद देणारा पंच

१९२२चा मोसम. लेटनच्या मैदानावर एसेक्स आणि सॉमरसेट या दोन कौंटी संघांचा सामना चालू होता. पंचाचा पांढरा कोट चढवून उभा राहिलेला फ्रँक चेस्टर जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता आणि कौंटीच्या पंचांच्या यादीत आल्यानंतरचा त्याचा हा पहिलाच सामना होता. एसेक्सचा कर्णधार जे. डब्ल्यू. एच. टी. डग्लस याच्याविरुद्ध पायचीतचे अपील झाले. चेस्टरने बोट वर केले. पुढे सॉमरसेटचा कर्णधार जॉन डॅनियल याच्याविरुद्ध यष्टिचीतचे अपील झाले. पुन्हा बोट वर. तेव्हा सहकारी पंचाने या पोराला बजावले, की असेच कर्णधारांना बाद देत राहिलास तर या धंद्यातले तुझे दिवस भरलेच म्हणून समज.

या इशाऱ्यात थट्टा थोडी होती, व्यवहार जास्त होता. त्या काळच्या इंग्लंडात कर्णधार हा बहुधा हौशी, म्हणजे घरंदाज खेळाडू असे. पैसे घेऊन खेळणारे धंदेवाईक खेळाडू वेगळ्या खोलीत कपडे बदलत. पंच हे या दुसऱ्या वर्गातून निवृत्त झालेले, उतारवयातले लोक असत. पुढच्या वर्षीच्या यादीत कोणाचे नाव ठेवायचे आणि कोणाचे गाळायचे, हे ठरवताना कर्णधारांच्याच मताला वजन असे. म्हणजे ज्याचा निवाडा करायचा, भाकरीही त्याच्याच हाती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे सहज समजते. शाखेतल्या सर्वांत बड्या पार्टीचा चेक, खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून, रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी परत करणारा अधिकारी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. नियम त्याच्या बाजूने असतो, पण नियम काही त्याच्या सोबत मॅनेजरच्या केबिनमध्ये जात नाही.

चेस्टर मात्र टिकला. तो ४८ कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला आणि हा विक्रम डिकी बर्डने मोडेपर्यंत १९९२ साल उजाडावे लागले.

खरे तर त्याला पंच व्हायचेच नव्हते. २० जानेवारी १८९५ रोजी हर्टफर्डशायरमधल्या बुशी या गावी जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी वूस्टरशायरकडून खेळू लागला. १९१३ साली, वय अवघे अठरा असताना, त्याने तीन शतके ठोकली. १९१४ साली एसेक्सविरुद्ध त्याने नाबाद १७८ धावा काढल्या आणि त्या खेळीत एकाच गोलंदाजाला चार षटकार मारले. तो गोलंदाज म्हणजे हाच डग्लस. ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक मिळवलेला आणि इंग्लंडचे नेतृत्व केलेला हा गडी कोणाला सहजासहजी दबणारा नव्हता. हा चेस्टर एक दिवस इंग्लंडकडून खेळणार, याबद्दल फारसे कोणाला शंका नव्हती.

मग महायुद्ध आले. १९१७ साली सॅलोनिकाच्या आघाडीवर झालेल्या जखमेपायी त्याचा उजवा हात कोपराच्या खालून कापावा लागला. वय बावीस. पाच वर्षांनी तो मैदानावर परतला, तो पंच म्हणून. त्याच्या पहिल्या सामन्यात डग्लसला बाद देण्यासाठी वर गेले ते बोट अर्थातच डाव्या हाताचे होते.

कृत्रिम हात, डोक्याला हॅट आणि चेंडू टाकला जाताना यष्ट्यांवर जवळजवळ ओणवे होऊन पाहण्याची लकब, हे त्याचे रूप इंग्लंडभर ओळखीचे झाले. आजवर पंच ताठ उभे राहत, हा मात्र डोळा चेंडूच्या पातळीवर नेत असे. षटकातले चेंडू मोजण्यासाठी त्याच्याजवळ सहा खडे होते. पहिल्या सामन्याआधी आईच्या बागेतून उचललेले. वयाचाही त्याला फायदा होता. नजर आणि कान तरुण होते आणि खेळाडू काय करू पाहतो आहे हे त्याला आतून कळत होते, कारण ते सारे त्याने नुकतेच गमावले होते. १९२४ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो कसोटी पंच झाला. ब्रॅडमनने पुढे आपल्या पुस्तकात, आपण खेळलो त्या पंचांमध्ये चेस्टर सर्वश्रेष्ठ, असे नोंदवून ठेवले.

आपल्या क्रिकेटशीही त्याचा संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा. जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारत आपली पहिली कसोटी खेळला, तेव्हा थोरला जो हार्डस्टाफ आणि चेस्टर हे पंच होते. महंमद निसारने सटक्लिफ आणि होम्स यांचे त्रिफळे उडवले, वुली धावचीत झाला आणि इंग्लंडची ३ बाद १९ अशी अवस्था झाली. यष्टीमागे आपले जनार्दन नवले होते. पुढे भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडूही त्यांनीच खेळला. मालक देशाच्या मैदानावर, मालक देशाच्याच पंचांपुढे एक गुलाम देश उभा होता. तटस्थ पंचांची कल्पना तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. सामना आपण १५८ धावांनी हरलो.

आता त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. १९५१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडमध्ये आला. त्यांचा वेगवान गोलंदाज कुआन मॅकार्थी चेंडू टाकत नाही, फेकतो, अशी चेस्टरची खात्री झाली. पंचाने अशा वेळी नोबॉल द्यायचा, एवढे नियमात स्पष्ट होते. पण पाहुण्या देशाच्या गोलंदाजाला कसोटीत फेकीबद्दल नोबॉल देणे म्हणजे गदारोळ. चेस्टरने वरिष्ठांकडे विचारणा केली, की मी तसा निर्णय दिला तर तुम्ही पाठीशी राहाल का? आश्वासन मिळाले नाही. चेस्टरने नोबॉल दिला नाही.

१९२२ साली ज्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, त्याने दोन कर्णधारांना कोणालाही न विचारता बाद दिले. १९५१ साली, जगातला पहिल्या क्रमांकाचा पंच म्हणून मान्यता मिळालेली असताना, त्याला आधी विचारावेसे वाटले. त्याला भित्रा म्हणायला मी तयार नाही. नवख्याजवळ गमवायला फक्त नोकरी असते. चेस्टरच्या निर्णयाबरोबर आता दोन देशांचे संबंध, यजमानांचा शिष्टाचार आणि स्वतःची तीस वर्षांची पत एवढे सारे पणाला लागणार होते. तरीही हे लिहून ठेवलेच पाहिजे, की दुसऱ्याच वर्षी, १९५२ मध्ये, मॅकार्थी केंब्रिज विद्यापीठाकडून वूस्टरला खेळत असताना पॅडी कोरल नावाच्या पंचाने त्याला फेकीबद्दल नोबॉल दिला. कोरलला जग चेस्टरइतके ओळखत नव्हते. मैदान मात्र ज्यावर चेस्टरने तरुणपणी धावा काढल्या, तेच.

शेवटची वर्षे कटकटीची गेली. पोटातल्या अल्सरने त्याला छळले आणि स्वभाव तिरसट झाला. ऑस्ट्रेलियन खेळाडूंची आरडाओरड करून अपील करण्याची पद्धत त्याला मुळीच खपत नसे आणि तो ते लपवतही नसे. १९५३ साली लीड्‌स कसोटीत सिम्प्सनविरुद्धचे धावचीतचे अपील त्याने फेटाळले, तेव्हा हॅसेटचा संघ फारच नाराज झाला. ॲशेसचा निकाल लावणाऱ्या ओव्हलच्या पाचव्या कसोटीत चेस्टर नव्हता, तेथे डेव्हिस आणि फ्रँक ली उभे राहिले. १९५५ साली तो निवृत्त झाला, १९५६ साली त्याचे आत्मचरित्र आले आणि ८ एप्रिल १९५७ रोजी जन्मगावी बुशीलाच तो वारला.

फेकीचे दुखणे दाबून ठेवल्याने बरे झाले नव्हतेच. १९६० साली लॉर्ड्‌स कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्याच जेफ ग्रिफिनला फेकीबद्दल अकरा वेळा नोबॉल देण्यात आला. पंच होता फ्रँक ली. त्याच सामन्यात ग्रिफिनने हॅटट्रिकही केली होती. त्यानंतर तो कधीच कसोटी खेळला नाही.