फुटबॉलचे पंच जॉन लांगेनस

फुटबॉलच्या मैदानावर खेळाडू बावीस असतात आणि तेविसावा असतो पंच. खेळाडूंची नावे प्रेक्षकांच्या ओठांवर असतात; पंचाची आठवण लोकांना बहुधा तो चुकला असे वाटले म्हणजेच होते. असे असूनही केवळ पंच म्हणून ज्यांचे नाव जगभर झाले, असे एक गृहस्थ बेल्जियम देशात होऊन गेले. ते म्हणजे जॉन लांगेनस.

लांगेनस यांचा जन्म १८९१ साली अँटवर्प शहरालगतच्या बेर्खेम येथे झाला. पंचांच्या परीक्षेला ते प्रथम बसले, तेव्हा चक्क नापास झाले! कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानावर चेंडू आदळला तर पंचाने काय करावे, असा प्रश्न त्यांना विचारला गेला होता, असे सांगतात. असल्या प्रश्नाने उमेदवार गांगरला, तर त्यात नवल ते काय? पण लांगेनस खचले नाहीत. पुढे ते पंच झाले आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी काम पाहिले. पंचाचे काम हा त्या काळी पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. खेळाची आवड असणारी माणसे आपापला कामधंदा सांभाळून ते करीत असत.

१९३० साली फुटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात भरली. ‘काँते व्हेर्दे’ नावाच्या आगबोटीतून युरोपातील काही संघ तिकडे निघाले. त्याच बोटीवर लांगेनसही होते आणि विजेत्यांना द्यावयाचा चषकही होता. अटलांटिक महासागर ओलांडून ही मंडळी माँटेव्हिडिओ बंदरात उतरली.

अंतिम सामना उरुग्वे आणि अर्जेंटिना या शेजाऱ्यांत ठरला. दोहोंच्या राजधान्या एकाच विशाल नदीमुखाच्या दोन तीरांवर वसलेल्या, आणि चुरस तर जुनीच. दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला हरविले होते. अर्जेंटिनाचे हजारो लोक बोटींतून माँटेव्हिडिओकडे निघाले. क्रीडांगणाच्या दारांशी प्रेक्षकांच्या अंगावर शस्त्रे तर नाहीत ना, याची झडती घेतली जाऊ लागली. अशा सामन्याचे पंच व्हावयास लांगेनस सहजासहजी तयार झाले नाहीत. आपल्या व आपल्या साहाय्यकांच्या जीविताची हमी त्यांनी मागितली आणि ती मिळाल्यावरच, सामना काही तासांवर आला असता, होकार दिला. याला भित्रेपणा म्हणणे योग्य होणार नाही. धोका ओळखूनच ते मैदानात उतरले होते.

दिनांक ३० जुलै. अंगात कोट, गळ्यात टाय, गुडघ्यापर्यंतची विजार आणि पायांत लांब मोजे अशा वेषात हे उंच गृहस्थ मैदानावर आले. भोवती ६०,००० हून अधिक प्रेक्षक होते आणि त्यांतील बहुतेक उरुग्वेचे. खेळ सुरू होण्यापूर्वीच भांडण उभे राहिले, तेही चेंडूवरून! चेंडू त्या काळी चामड्याचे, हाताने शिवलेले असत. घेर २७ ते २८ इंच असावा, एवढे नियम सांगे. पण प्रत्येक देशाची घडण थोडी निराळी. दोन्ही संघ आपापल्या चेंडूसाठी हटून बसले. अखेर पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने खेळावयाचा असे ठरले.

पहिला गोल उरुग्वेने केला. थोड्याच वेळात अर्जेंटिनाने बरोबरी साधली. मग ३७ व्या मिनिटास अर्जेंटिनाच्या स्टाबिले याने चेंडू जाळ्यात मारला आणि मैदानावर एकच गिल्ला झाला. स्टाबिले ‘ऑफसाइड’ होता, असा उरुग्वेच्या खेळाडूंचा दावा होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे, सहकाऱ्याने चेंडू पुढे दिला त्या क्षणी पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान गोलरक्षक धरून निदान दोन प्रतिस्पर्धी असावे लागत. नसले तर गोल रद्द होई. उरुग्वेचा कर्णधार नासाझी तावातावाने पंचांकडे धावला. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी कान बधिर झाले. झाला प्रसंग पुन्हा दाखविणारे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. गोल नाकारला असता, तर सारे क्रीडांगण खूष झाले असते. लांगेनस यांनी तो मान्य केला. मध्यंतरापर्यंत यजमान २–१ असे मागे पडले.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू बदलला आणि खेळाचा रंगही पालटला. उरुग्वेने आणखी तीन गोल केले. त्यांतला शेवटचा कास्ट्रो याने केला. लहानपणी अपघातात त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. उरुग्वे ४–२ असा विजयी झाला. दुसरे दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी देण्यात आली. पलीकडच्या तीरावर मात्र संतप्त जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली. लांगेनस सुखरूप मायदेशी परतले.

१९३४ आणि १९३८ च्या जागतिक स्पर्धांतही त्यांनी पंचाचे काम केले. आपल्या आठवणी त्यांनी ग्रंथरूपाने लिहून ठेवल्या. १९५२ साली त्यांचे निधन झाले. १९३० च्या त्या स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे ८ गोल स्टाबिलेने केले, अशी नोंद आहे. माँटेव्हिडिओचा तो वादग्रस्त गोल त्या आठांत धरलेला आहे.